पेटीतला धाकू

कल्याणला गवताच्या वखारी होत्या, त्या काळातली ही गोष्ट. मुंबईत ट्रामगाडी घोडे ओढत, बग्गी घोडे ओढत, आणि एवढ्या घोड्यांचं पोट मुरबाड-शहापूरकडच्या माळांवर चाले. दिवाळीच्या आगेमागे गवत कापलं जाई, बैलगाड्यांनी कल्याणला येई, आणि वखारीच्या आवारात घराएवढ्या गंजी लागत. सुटं गवत आगगाडीच्या वाघिणीत भरलं तर वाघीण भरते, वजन भरत नाही. म्हणून ते दाबून गासड्या बांधाव्या लागत. एका बैलगाडीच्या चार गासड्या होत.

दाबायचं यंत्र साधं होतं. पुरुषभर उंच, जाड फळ्यांची एक पेटी. तिच्यावर लोखंडी मळसूत्र, आणि ते फिरवायला चार माणसं. पण मळसूत्र फिरवण्याआधी पेटी भरावी लागे, आणि नुसतं गवत टाकून ती भरत नसे. एक माणूस आत उतरून थरावर थर तुडवत वर येई. पेटी भरली की तो बाहेर निघे, वरून दाब पडे, लोखंडी पट्ट्या आवळल्या जात, गासडी बाहेर येई, माणूस पुन्हा आत जाई. दिवसातून चाळीस वेळा.

हा आतला माणूस म्हणजे धाकू केणे.

धाकू खाडीपलीकडच्या पाड्यातला. पावसाळ्यात घरचं भात लावायचा, कापायचा, आणि कार्तिकात तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, बसून कल्याणला यायचा तो ज्येष्ठापर्यंत रोज. उंचीने बेताचा, मांड्या जाड, बोलणं थोडं. पेटीत उतरणारे त्याच्याआधीही होते. ते उड्या मारायचे. धाकूने कधी उडी मारली नाही. उडी मारणारा गवत हलवतो, दाबत नाही, असं त्याचं म्हणणं. तो टाच रोवायचा. आधी चार कोपरे, मग कडा, सगळ्यात शेवटी मध्य. इतरांचं उलट चाले. मध्य मऊ, म्हणून ते तिथेच नाचत, आणि गासडी पोटाशी फुगून मुंबईला पोचण्याआधी पट्टी तोडायची. धाकूची गासडी विटेसारखी निघे. मुकादम त्र्यंबक तिच्यावर थाप मारून आवाज ऐकायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. याहून मोठी शाबासकी वखारीत नव्हती.

धक्क्यापासून वखार अर्धा कोस. वाट चढाची. धाकू ती सकाळी एका दमात चढायचा, न थांबता. त्याचा धाकटा भाऊ दामाजी मळसूत्रावर होता, तो मागे राहायचा.

"दादूस, वखार पलून जात नाय रे!"

"तू पन नको पलू. चाल."

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी, म्हणजे अठराशे ब्याऐंशीच्या मोसमात, कापलेलं गवत माळावर पडलेलं असताना अवकाळी पाऊस झाला. निम्मं गवत भिजलं. वरवर वाळवून ते आणलं गेलं आणि मागच्या गंजीत रचलं गेलं. दिसायला ते बाकीच्यासारखंच होतं, जरा काळपट एवढंच. पेटीत तुडवलं की मात्र त्यातून धूळ उठायची. नेहमीची गवताची धूळ जाड असते, डोळ्यात खुपते, नाकात अडकते, शिंकेबरोबर जाते. ही पिठासारखी होती. कशातच अडकत नव्हती. सरळ आत जायची.

दिवस संपताना मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गुळाने पोटातली धूळ उतरते असं सगळे मानत. धाकूनेही सहा वर्षं तो खडा खाल्ला होता. त्या वर्षी पौषात एक दिवस त्याने तो हातात धरला आणि त्याच्या लक्षात आलं की हात कापतोय.

घरी पोचेपर्यंत थंडी भरली. सगुणाने, त्याच्या बायकोने, अंगावर दोन गोधड्या टाकल्या. छाती आवळल्यासारखी झाली, खोकला कोरडा. सकाळी मात्र माणूस ठीक. थकलेला, पण ठीक. तो उठून कामावर गेला. संध्याकाळी पुन्हा तेच.

हिवताप त्या भागात घरोघरी. सरकारी दवाखान्यात त्याला कोयनेल मिळालं. कडू पूड त्याने नेमाने घेतली, एक दिवस चुकवला नाही. कान वाजायला लागले, थंडी थांबली नाही. सगुणाने अडुळशाचा काढा केला. त्याने खोकला सुटला, पण दम परत आला नाही. माघात एका सकाळी धक्क्यापासून वर येताना वाटेतल्या चिंचेखाली धाकूला थांबावं लागलं.

दामाजी मागून आला. "काय झालं?"

"काय नाय. पायात काटा."

दामाजीने खाली पाहिलं. धाकू पायाकडे बघतही नव्हता, हात गुडघ्यावर टेकून उभा होता. दुसऱ्या दिवशी धाकू दोनदा थांबला. फाल्गुनापर्यंत तीन विसावे झाले.

धाकूला भीती दुखण्याची नव्हती. पेटी जाईल याची होती. मळसूत्र कोणीही फिरवतो, गवत कोणीही टाकतो. पेटीत कोण आहे हे मात्र गासडीवरून मुंबईत कळतं. वखारीत त्याला 'पेटीतला धाकू' म्हणत, पाड्यातही तसंच म्हणायला लागले होते. माणसाला एकच काम नीट येत असलं आणि तेच हातचं जाऊ लागलं, तर तो पहिल्यांदा स्वतःवर चिडतो. धाकूने स्वतःला आळशी ठरवलं. पहाटे अर्धा तास लवकर निघायला लागला, म्हणजे विसावे कोणी मोजणार नाही.

पावसाळ्यात वखार बंद झाली आणि महिनाभरात खोकला गेला. आषाढात तो चिखल करत होता, बैलाच्या मागे चालत होता. "बगलंस?" तो सगुणाला म्हणाला, "ताप होता. गेला."

"जाऊंदे बरं. पन गवत बंद झालं आनि ताप गेला," सगुणा म्हणाली.

"तापाला काय ठाऊक वखार कवा बंद होते?"

सगुणा अंगण झाडत राहिली.

कार्तिकात पुन्हा पेटी. मागच्या गंजीतलं जुनं गवत उरलेलं होतं, ते नव्याबरोबर थोडं थोडं वापरायचं ठरलं. आठ दिवसांत थंडी परत आली. धाकूने तोंडावर फडकं बांधून पाहिलं. मळसूत्रावरच्या चौघांना गंमत मिळाली.

"आली, नवरी आली!" गणू ओरडला. "दामाजी, मुंडावळ्या आन रे!"

धाकू हसला नाही, चिडलाही नाही. पण फडक्यातून तुडवण्याएवढा श्वास मिळत नव्हता. तुडवायला श्वास मापाचा लागत नाही, भरपूर लागतो. दहाव्या गासडीला त्याने फडकं काढून कमरेला खोचलं.

मग त्याला एक गोष्ट सुचली. सगुणा अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडायची. प्रत्येक घरची बाई शिंपडते. धूळ उडत नाही. मग गवतावर का नाही?

तो मुकादमाकडे गेला. "एका थराला एक तांब्या. जास्त नाय."

त्र्यंबकने डोकं खाजवलं. "गवत भिजेल."

"भिजत नाय. दमट होतं. दमट गवत दबतं पन चांगलं, कोरडं मोडतं."

हे खरं होतं. दोन गासड्या करून पाहिल्या. धूळ उठली नाही. गासडी आणखी टणक निघाली, वजनालाही बरी. त्र्यंबकने थाप मारली, आवाज ऐकला, आणि या वेळी बोलला, "अरे, हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

पुढचे पंचवीस दिवस धाकूच्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणायला हवेत. थंडी कमी झाली. विसावे तीनावरून एकावर आले. गणू तांब्या घेऊन पेटीवर उभा राही आणि लग्नातल्यासारखं पाणी शिंपडी. धाकूला वाटलं, त्याने दुखण्याचं मूळ धरलं. धूळ हेच मूळ, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. चूक पुढची होती. अंगणात शिंपडलेलं पाणी उन्हाने उडतं. गासडीत शिंपडलेलं पाणी चार लोखंडी पट्ट्यांच्या आत बसून राहतं.

पौषाच्या सुरुवातीला मुंबईहून सत्तावीस गासड्या परत आल्या. त्यांच्याबरोबर अँब्रोज आला. हा ठाण्याच्या कोपरीचा ख्रिस्ती माणूस, मुंबईच्या एका तबेल्यात गवताची पारख करायचा. डोक्याला टोपी, हातात छोटी काठी, आणि बोलणं तोडून.

"मुकादम, ह्यो चारा हाय का चुलीतली राख? अकरा घोडे खोकतान माझे."

"वखारीतून चांगलं गेलं होतं," त्र्यंबक म्हणाला.

"मंग वाटेत सडलं. फोडा एक. मी बगतो."

वखारीच्या शेठचा हुकूम आधीच आला होता: सगळ्या फोडा, चांगलं वेगळं करा, पुन्हा बांधा. कोण फोडणार हे विचारायची वेळ आली नाही. गासड्या धाकूच्या होत्या, पाण्याची युक्ती धाकूची होती. त्याने पट्टी तोडायची पहार उचलली.

पहिली गासडी छपराखाली फुटली. आतून ऊब आली, शेणाच्या ढिगासारखी. पांढरे-करडे थर एकमेकांना चिकटलेले. धाकूने हाताने ते सोडवले आणि धूर उठावा तशी पूड उठली. त्याने ते बाहेर उघड्यावर करायला हवं होतं, वाऱ्याकडे पाठ करून. पण बाहेर गवत उडून वाया जातं, आणि धाकूने कधी काडी वाया घालवली नव्हती. पहिल्या दिवशी त्याने नऊ फोडल्या. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी दोनच उरल्या होत्या. सव्विसावी फोडताना त्याच्या हातातून पहार पडली.

तो पडला नाही. बसला. पण उठता येईना. ओठ निळसर झाले होते, खांदे वरखाली होत होते, आणि प्रत्येक श्वास जणू दुसऱ्याकडून मागून आणलेला. दामाजी आणि गणूने त्याला उचलून बाहेर गंजीच्या सावलीत टेकवलं. अँब्रोज उरलेल्या गासड्या बघायला थांबला होता. तो जवळ येऊन उकिडवा बसला.

"कवापासून?"

धाकूने दोन बोटं दाखवली.

"दोन मोसम. सांजेला थंडी? सकालला बरा? कामाला खाडा पडला तर काय नाय?"

धाकूने मान वर केली. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. श्वास जमवून म्हणाला, "तुमाला कोनी सांगलं?"

"कोनी नाय. घोडा बोलत नाय, त्याच्या बरगड्या बगायला लागतात. बुरशीचा चारा खाल्ला, त्यात नाक खुपसलं, का असाच धापतो. ताप नाय बाबा ह्यो. ह्यो चारा."

"मंग... तुमी काय करता?"

"काय करनार? चारा बदलतो."

छपराखालून त्र्यंबकचा आवाज आला. तो दामाजीला विचारत होता, "तुला जमेल का पेटीत? उद्यापासून?"

अँब्रोजने एकदा तिकडे पाहिलं, एकदा धाकूकडे. मग उठून टोपी झटकली.

त्र्यंबक वाईट माणूस नव्हता. वाघिणी ठरलेल्या दिवशी भरायच्या असतात, आणि रिकामी पेटी हे मुकादमाचं मरण असतं. तो धाकूला म्हणाला, "पेटी तुझीच. गुढीपाडव्यापर्यंत बरा होऊन ये. तोवर दामाजी उभा राहील. पाणी मात्र बंद."

धाकू पावणेतीन महिने घरी बसला. बसणं त्याला येत नव्हतं. चौथ्या दिवशी सुतळी वळायला घेतली, दहाव्या दिवशी विहिरीपर्यंत चालत गेला, विसाव्या दिवशी बांधापर्यंत. रोज किती चाललो हे तो मोजायचा. सगुणाने त्याला मोजताना पाहिलं. होळीच्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दामाजीभावजी खोकतान."

"कवापासून?"

"आठ-दहा दीस. सांजेला पांघरून घेऊन बसतान. मना बोलले, वयनी, दादूसला सांगू नको."

धाकूने हातातली सुतळी खाली ठेवली.

पाडव्याला तो वखारीत गेला. वाटेत दोन विसावे झाले. पेटीत उतरला. कोपरे, कडा, मध्य. टाच तीच होती, जोर निम्मा होता, पण गासडी विटेसारखी निघाली. सगळ्यांनी पाहिलं. त्र्यंबकने थाप मारली. दामाजी मळसूत्रावर परत गेला आणि पहिल्यांदा मोठ्याने हसला.

आता धाकू एक गोष्ट करायला लागला. घराच्या चौकटीवर कोळशाने रेघ मारायची: थंडी भरली तर आडवी, नाही भरली तर उभी. आणि त्या दिवशी कोणत्या गंजीचं गवत तुडवलं ते लक्षात ठेवायचं. पुढची गंजी न भिजलेली. मागची जुनी. मुकादमाला दोन्ही सारख्या. गाडीवाल्याला जी जवळ ती. पंधरा दिवस झाले. दहा उभ्या, पाच आडव्या. पाचही मागच्या गंजीच्या.

सोळाव्या दिवशी सकाळी तो पेटीजवळ आला आणि उतरला नाही.

"मुकादम, मी आता पेटीत जात नाय."

मळसूत्रावरचे चौघे थांबले. गणूला थट्टा सुचली नाही.

"बरं वाटत नाही का?" त्र्यंबकने विचारलं.

"आज बरा हाय. म्हनून सांगतो. माझा दम गेला, तो येत नाय. वरल्या वाटेला दोन थांबे व्हायचे ते आता दोनच राहनार, कमी होत नाय. दामाजी उतरू दे. पन मागची गंजी पेटीत नको."

"मग ती काय करू? गळ्यात बांधू?"

"गाद्यांना घाला. छपराला घाला. शेतात जाला. पेटीत नको. आनि पुढं आवारात येनारी हरएक गाडी मी हात घालून बगनार. दमट हाय ती परत. तुमच्या गासड्या परत आल्या, तर मना काढा."

त्र्यंबकने त्याच्याकडे पाहिलं. आठ मोसमांत धाकू एवढं सलग बोलला नव्हता. सत्तावीस गासड्या मुकादमाच्याही लक्षात होत्या. "फाटकाशी बस," तो म्हणाला. "या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. वर्षभर बघू."

धाकू फाटकाशी बसला तो बसलाच. हे काम हलकं होतं असं दुरून वाटे. गाडी आली की तो उठायचा, बाही वर करायचा आणि खांद्यापर्यंत हात भाऱ्याच्या पोटात घालायचा. वरचं गवत सगळ्यांचंच कोरडं असतं. आतलं मूठभर काढून तो पिळायचा, वास घ्यायचा नाही; वास घेणं त्याने बंद केलं होतं. मूठ उघडल्यावर गवत उलगडलं तर आत. गोळा राहिला किंवा हाताला ऊब लागली तर परत. गाडीवाले शिव्या द्यायचे. दहा कोस आलेला माणूस शिव्या देणारच. धाकू उत्तर देत नसे, कारण बोलण्याला श्वास लागतो आणि हात घालायलाही लागतो.

दामाजी पेटीत. धाकूने त्याला टाच शिकवली नव्हती, पण त्याने ती बघून घेतली होती. पहिल्या वर्षी थोडा खोकला, मग तो गेला. परत आलेली गासडी एकही नाही.

त्यानंतरच्या चौथ्या मोसमातली गोष्ट. मार्गशीर्षात वाघिणी उभ्या होत्या आणि गवत कमी पडलं होतं. पेटी सकाळपासून रिकामी. चौघे मळसूत्राला टेकून उभे, दामाजी पेटीच्या काठावर पाय सोडून बसलेला, त्र्यंबक फाटकापर्यंत येऊन जाऊन घामाघूम. तेवढ्यात दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीवर मधु होता, सगुणाचा भाऊ.

"दाजी, उठू नका! घरचं हाय," तो वरूनच म्हणाला. "आपल्याच माळावरचं. मीच कापलंय."

"कवा कापलंस?"

"झाले आठ दीस."

"पाऊस?"

"शिंतोडा. तो काय पाऊस?"

धाकू फाटकाचा खांब धरून उठला. बाही वर केली. हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल गवताला लागेपर्यंत. सगळे बघत होते. त्याने हात काढला. मूठ पिळली, उघडली.

"परत."

"दाजी!" मधु खाली उतरला. "सगुणाताईला काय सांगू? तिच्या घोवानं भावाला फाटकातून हाकलला?"

"सांग. तिला कलेल."

त्र्यंबक पुढे आला. "धाकू, अरे, वाघिणी उभ्या आहेत. एक दिवस. दोन गाड्या. वरचं वरचं घेऊ."

धाकूने मूठ त्याच्यापुढे धरली. त्र्यंबकने हात लावला आणि काढून घेतला. ऊब होती.

"घ्यायचं असल तर घ्या," धाकू म्हणाला. मध्ये थांबून त्याने श्वास घेतला, मग उरलेलं बोलला. "पन मंग आत मी उतरनार. तो नाय."

त्र्यंबकने पेटीकडे पाहिलं. दामाजी काठावर बसून पाय हलवत होता. तिथून त्याला बोलणं ऐकू येत नव्हतं.

"वळव गाडी," त्र्यंबक मधुला म्हणाला. "पसर त्या उघड्या जागेत. तीन दिवस वाळव, मग आण."

मधुने बैलांची शेपटी पिरगाळली. गाडी वळली. दुसरी तिच्यामागे. धाकू फाटकाच्या खांबाला टेकून दम जमवत उभा राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि मग बाही खाली केली.

पेटी दुपारपर्यंत रिकामी होती. दोन वाजता मुरबाडकडची कोरडी गाडी आली, तेव्हा त्याने हात घालून ती आत सोडली. थोड्या वेळाने दामाजी पेटीत उतरला. धाकू बसून ऐकत होता. कोपरे, कडा, मध्य. दामाजीची टाच ऐकू येत होती, आणि तिच्यात खोकला नव्हता.